अंगावरचा काटा थंडीचा की भीतीचा?

हवा सुखद असते. घरातले बाकीचे पातळ कपड्यांत वावरत असतात, आणि एक जण मात्र स्वेटर, मफलर, पायमोजे चढवून खिडक्यांच्या फटींत कापड कोंबत असतो. पंखा लागला की तो खोलीतून उठून जातो. फ्रिज उघडायचा झाला तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतो. थंडीची लाट येणार अशी बातमी आली की त्याची झोप उडते, मग ती लाट शेकडो किलोमीटर लांब का असेना. घरचे आधी हसतात, मग चिडतात, शेवटी ‘किती तो बाऊ’ म्हणून नाद सोडतात.

त्याला विचारलं तर त्याचं एकच म्हणणं असतं, ‘पण मला खरंच थंडी वाजते हो.’

हे वाक्य खोटं नसतं, आणि या विषयात मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटतं. त्याची बोटं खरोखर गार पडतात, अंग खरोखर कापतं. फक्त ही थंडी बाहेरून आत शिरली की आतूनच उठली, हे त्याला कळत नाही. घरच्यांनाही कळत नाही, आणि म्हणून दोन्ही बाजू वर्षानुवर्षं एकमेकांना खोटं पाडत बसतात.

नावड वेगळी, भयगंड वेगळा

थंडी न आवडणारी माणसं पुष्कळ असतात. असा माणूस कुरकुरतो, शाल ओढतो आणि कामाला लागतो. भयगंडात काम थांबतं. भयगंड म्हणजे एखाद्या गोष्टीची अशी भीती, जी तिच्यातल्या खऱ्या धोक्याच्या मानाने फार मोठी असते, टिकून राहते आणि ती गोष्ट टाळण्यासाठी माणसाला आयुष्याची घडीच बदलायला लावते. निदान करताना मानसोपचारतज्ज्ञ साधारण सहा महिन्यांची मुदत धरतात.

थंडीच्या अशा भीतीला क्रायोफोबिया किंवा फ्रिगोफोबिया म्हणतात. दुसरं नाव वैद्यकीय लिखाणात विशेषतः चिनी समाजातल्या रुग्णांच्या संदर्भात येतं. त्यांच्या भाषेत तिला ‘पा लेंग’ म्हणतात, शब्दशः ‘थंडीला भिणं’. अंगातली ऊब गेली तर जीवनशक्तीच जाईल या धास्तीने हे रुग्ण भर उन्हाळ्यातही कपड्यांवर कपडे घालतात. नावं विसरलात तरी चालेल. एसीची कचेरी म्हणून चांगली नोकरी नाकारली, परतायला रात्र होईल म्हणून जवळच्या माणसाच्या लग्नाला गेलो नाही, अंघोळ दोन दिवसांआड गेली, अशी यादी वाढू लागली की ती नावड राहिलेली नाही, एवढं ओळखता आलं की झालं. बहुतेकांना हे स्वतःलाही दिसत असतं. कळतं, पण वळत नाही.

थंडी ‘वाजते’ तेव्हा शरीरात काय होतं?

मराठीत थंडी वाजते, जशी घंटा वाजते. शरीरात जे घडतं त्याला हे क्रियापद अगदी चपखल बसतं.

कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. त्यांतल्या काहींवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. कातडीचं तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं की ते दारासारखं उघडतं आणि ‘गार’ हा निरोप मेंदूकडे निघतो. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी हे प्रथिन वेगवेगळं काम करत शोधलं. तापमान आणि स्पर्श कसे जाणवतात यावरच्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पुदिन्यातलं मेन्थॉलही हेच दार उघडतं. म्हणून मेन्थॉलची गोळी चघळली की तोंड गारेगार वाटतं, तोंडाचं तापमान उतरलेलं नसतानाही. घंटा वाजली, पण दाराशी कुणीच नव्हतं.

दुसरं म्हणजे, कातडी हा थर्मामीटर नाही. जॉन लॉक या इंग्रज विचारवंताने सतराव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला कोमट लागू शकतं. तुम्हीही करून पाहा. एक हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, दुसरा गार पाण्यात. दोन मिनिटांनी दोन्ही एकाच साध्या पाण्याच्या भांड्यात बुडवा. पाणी एक, हात एकाच माणसाचे, आणि निकाल दोन. त्याच खोलीतला लोखंडी गज लाकडी दांड्यापेक्षा गार लागतो तोही असाच. तापमान दोघांचं सारखंच असतं, पण लोखंड हातातली ऊब झपाट्याने ओढून घेतं. कातडी सांगते ते ‘आपली ऊब किती वेगाने चालली आहे’ आणि ‘मघापेक्षा काय बदललं’ एवढंच. आपल्या जिवाला धोका आहे का, हे तिला माहीत नसतं.

ते पाहायला वेगळी यंत्रणा आहे. शरीराच्या गाभ्याचं, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखलं जातं. घंटा वाजली की मेंदू आधी कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतो. पाणी कमी आलं की आपण बागेचा नळ बंद करतो आणि स्वयंपाकघराचा चालू ठेवतो, तसंच हे. मग केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू ताठरतात आणि अंगावर काटा येतो. तरीही भागलं नाही तर स्नायू थरथरू लागतात. या थरथरीतून शरीर विश्रांतीच्या वेळेपेक्षा कित्येक पट उष्णता तयार करू शकतं. याशिवाय मानेजवळ आणि खांद्यांच्या वरच्या भागात तपकिरी चरबीचे छोटे साठे असतात, ते थेट ऊब निर्माण करण्यासाठीच जळतात. ही चरबी फक्त तान्ह्या मुलांत उपयोगी असते अशी समजूत होती. मोठ्यांतही ती काम करते हे २००९ मध्ये स्पष्ट झालं.

म्हणजे गार पडलेली बोटं हा बंदोबस्त कोसळल्याचा पुरावा नसून तो चोख चालल्याचा पुरावा आहे. भयगंड असलेला माणूस नेमका याच्या उलट अर्थ काढतो.

तीच घंटा भीतीच्या हातात

भीती वाटली की आपण काय म्हणतो ते आठवा. हातपाय गार पडले. अंगावर काटा आला. थरथर कापला. दातखीळ बसली. जागच्या जागी गोठला. यातला एकेक शब्द थंडीच्या वर्णनातही जसाच्या तसा चालेल. बोलणाऱ्यांनी हे फार पूर्वी हेरलेलं आहे, कारण शरीर दोन्ही वेळा तीच हत्यारं काढतं. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याच्या कुळातली रसायनं सुटतात. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, केस उभे राहतात, स्नायू कापू लागतात. श्वास जोरजोरात होऊ लागला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. तीव्र भीतीच्या झटक्याची वैद्यकीय लक्षणं पाहिली तर त्यांतही हुडहुडी भरणं आहे.

आता आपल्या त्या माणसाकडे वळू. खिडकी उघडी दिसते. ‘गार लागेल’ हा विचार चमकतो आणि भीती उठते. भीतीने बोटं गार पडतात. बोटं गार लागल्यावर त्याला वाटतं, ‘बघा, लागली थंडी.’ भीती वाढते, बोटं आणखी गार होतात. या सगळ्या वेळात खोलीचं तापमान अर्ध्या अंशानेही उतरलेलं नसतं. पण त्याला समजवायला जाणारा माणूस भिंतीवरचं तापमान दाखवतो, आणि तो आपला हात पुढे करतो. हात खरोखरच गार असतो. मग कोण कुणाला पटवणार? ही भीती आपला पुरावा आपणच तयार करते. कुत्र्याला भिणाऱ्याला कुत्रा दिसावा तरी लागतो. इथे घाबरलं की थंडी आपोआप अंगावर हजर होते.

स्वेटरांचे थर यात भरच घालतात. गरज नसताना कपडे चढवले की आत घाम येतो, घामाने कपडे ओलसर होतात, आणि ओल वाळताना अंगातली ऊब घेऊन जाते. बाहेरचा थर काढला रे काढला की शिरशिरी येते. ‘एक स्वेटर काढला तर ही गत, सगळे काढले तर?’ असं त्याला वाटतं. शिवाय सतत उबेत राहिलेलं शरीर गारव्याला सरावत नाही. ज्या भांड्यातून हात बाहेर काढला ते गरम असलं की साधं पाणीही गारच लागायचं.

भीती येते कुठून, आणि जात का नाही?

कुणी लहानपणी गार पाण्यात पडलेलं असतं. कुणाला मोठ्या आजारातली हुडहुडी विसरता येत नाही. कुणाच्या घरात प्रत्येक तापाचं खापर वाऱ्यावरच फोडलं गेलेलं असतं. अशी जोडणी किती सहज होते ते १९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी दाखवलं. एका वर्षाच्या आतल्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवायचा आणि त्याने हात लावला की पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा. काही वेळा असं झाल्यावर ते बाळ आवाज नसतानाही उंदराला, आणि पुढे सशालाही घाबरू लागलं. तान्ह्या जिवावर असा प्रयोग करणं क्रूर होतं आणि आज त्याला कुणी परवानगी देणार नाही. पण त्यातून जे दिसलं ते नाकारता येत नाही.

भीती लागते कशी यापेक्षा ती टिकते कशी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. भयगंडात नेमकं उलटं होतं. कोंबडं आरवतं म्हणूनच उजाडतं, अशी माणसाची खात्री पटलेली असते. रोज तीन स्वेटर घातले आणि रोज काही झालं नाही, म्हणजे स्वेटरांनीच वाचवलं. एकदा तरी न घालता पाहिल्याशिवाय हा हिशेब चुकल्याचं कळायची सोय नाही, आणि तो नेमकं तेच करत नाही. टाळल्याबरोबर जो सुटकेचा श्वास येतो तोच पुढच्या टाळण्याचं बक्षीस ठरतो.

‘पण थंडीने आजार होतातच ना?’

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे दोन भाग करून पाहू.

पहिला सर्दीचा. सर्दी विषाणूंमुळे होते. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी इथे १९४६ मध्ये सर्दीवरचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं गेलं, नंतर ओले मोजे घालून ठेवलं गेलं. नुसत्या गारठ्याने त्यांना सर्दी झाली नाही. म्हणून थंडीचा काहीच संबंध नाही असंही नाही. २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथे १८० जणांवर एक प्रयोग झाला. ९० जणांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवले, ९० जणांनी रिकाम्या भांड्यात पाय ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्यांपैकी १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यांपैकी ५ जणांनी. सर्दीचे काही विषाणू नाकातल्या ३३ अंशांच्या आसपासच्या तापमानात जास्त जोमाने वाढतात हेही खरं. आधीच नाकात शिरलेल्या विषाणूला गारठा हात देत असावा, असा याचा सरळ अर्थ आहे. विषाणू नसेल तर सर्दी नाही. आणि त्या प्रयोगातही पाय गार केलेल्या ९० पैकी ७७ जणांना काही झालं नाही, हा आकडाही भीती वाटणाऱ्याने तितक्याच लक्षपूर्वक वाचावा.

दुसरा भाग जिवाच्या धोक्याचा. गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याने माणूस दगावतो. पण त्यासाठी सहसा कडाक्याची थंडी, वारा, ओले कपडे, बराच वेळ आणि निवाऱ्याचा अभाव यांतलं बरंच काही एकत्र यावं लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब ओढतं, म्हणून पाण्यातली थंडी हवेतल्या थंडीपेक्षा कितीतरी घातक. तान्ही मुलं, वृद्ध आणि हृदयविकार असलेले यांनी साध्या थंडीतही जपायलाच हवं, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब चढतो. बोटं गोठून काळी पडतील अशी धास्ती अनेकांना असते. त्यासाठी पेशी गोठाव्या लागतात, म्हणजे हवा शून्य अंशाच्या खाली हवी. २० अंशांच्या खोलीत बोटं गोठू शकत नाहीत, तुम्ही रात्रभर उघड्या हातांनी बसलात तरी.

आधी शरीर तपासून घ्या

‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य फार लवकर बोललं जातं आणि त्याने नुकसान होतं. थायरॉइड मंदावलं असेल, रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल, वजन फार घटलं असेल, तर इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी हातपाय गार पडू शकतात. गारव्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि मग लाल होत असतील तर तो रेनॉड विकार असू शकतो. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. काही थोड्या लोकांना गारव्याची चक्क अ‍ॅलर्जी असते. गार वस्तू लागेल तिथे गांधी उठतात, आणि अशा माणसाने गार पाण्यात पोहायला उडी मारली तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून पहिली पायरी साध्या डॉक्टरांची. तपासण्या ठीक आल्या किंवा सापडलेला आजार आटोक्यात आला, आणि तरीही भीती उरली, तर मग पुढचं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात हेही ध्यानात ठेवावं.

भीती उतरते कशी?

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलावर उपाय केला. तो आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये अशा टप्प्याटप्प्याच्या पद्धतीला शिस्तबद्ध उपचाराचं रूप दिलं. भयगंडांवर आज सगळ्यांत भरवशाचा मानला जाणारा उपाय याच वाटेवरचा आहे. त्याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात, म्हणजे भीतीला ठरवून, मापात, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. स्वीडनमधल्या लार्स-योरान ओस्ट यांनी तर १९८९ मध्ये दाखवलं, की काही ठरावीक भयगंडांत जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीतही मोठा फरक पडू शकतो.

थंडीच्या बाबतीत हे कसं करायचं? आधी शिडी तयार करायची. सगळ्यांत खालची पायरी अशी, की जी नकोशी वाटेल पण जमेल. गार पाण्याचा पेला मिनिटभर उघड्या हाताने धरणं, घरात दहा मिनिटं मफलर काढून बसणं. मग नळाच्या पाण्याने मनगटं धुणं, खिडकी उघडी ठेवून पुस्तक वाचणं. खूप वर एखादी पायरी अशी असेल: संध्याकाळी सगळ्यांसारख्या कपड्यांत अर्धा तास फिरून येणं.

पायरी चढण्याआधी वहीत एक वाक्य लिहावं: काय होईल असं वाटतंय? ‘पाच मिनिटांत बोटं बधिर होतील, पेन धरता येणार नाही.’ नंतर पेन धरून पाहावं आणि खरं काय झालं ते खाली लिहावं. माझ्या मते या उपचाराचा सगळा जीव या दोन ओळींमधल्या फरकात आहे. नुसतं ‘घाबरू नकोस’ ऐकून मेंदू शिकत नाही. अंदाज चुकला की शिकतो.

इथे कुबड्यांपासून सावध राहायला हवं. खिडकीशी बसायचं, पण खिशात हात उबवायची पिशवी ठेवायची. मफलर काढायचा, पण आत एक जास्तीचा बनियन घालायचा. असं केलं की पुन्हा श्रेय कोंबड्यालाच जातं. अंगाचं तापमान मोजणं सुरुवातीला दोन-तीनदा उपयोगी पडतं, कारण हात गार असतानाही आकडा ३७ च्या आसपासच राहतो हे डोळ्यांना दिसतं. पण तोच थर्मामीटर दिवसातून दहादा काखेत जाऊ लागला तर तीही कुबडीच.

सुरुवातीला भीती वाढेल. ती उतरेपर्यंत, किंवा निदान भाकीत खोटं ठरेपर्यंत, त्याच पायरीवर थांबायचं. अर्ध्यात पळालं तर सुटकेचं बक्षीस पुन्हा टाळण्यालाच मिळतं. भीती फार जुनी असेल, किंवा तिच्यापायी खाणंपिणं, अंघोळ, बाहेर जाणं बंद झालं असेल, तर शिडी एकट्याने न बांधता मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने बांधावी.

‘मग सरळ बर्फाच्या पाण्यात उडी घेतली तर?’

नको. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलं की माणूस धाप लागल्यासारखा श्वास ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपकन चढतात. हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो, पण धडधाकट पोहणारेही तेवढ्यात बुडू शकतात. शिवाय भयगंडाच्या दृष्टीनेही हा सौदा वाईट. तिथे भाकीत खोटं न ठरता खरं ठरतं.

गार पाण्याच्या या धक्क्यावर झालेल्या संशोधनातली एक गोष्ट मात्र मला फार आशादायक वाटते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गार पाण्यात काही मिनिटं बुडण्याचा अनुभव पाच-सहा वेळा घेतला, की हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो. इच्छाशक्तीवर कमी अवलंबून असलेली, श्वासासारखी आदिम प्रतिक्रियासुद्धा इतक्या थोड्या सरावाने शिकते. मफलर काढून दहा मिनिटं बसायला शिकणं त्यामानाने सोपंच.

घरच्यांनी काय करायचं?

चेष्टा करू नये आणि खिडक्याही लावून देऊ नयेत. दुसरं पहिल्यापेक्षा कठीण आहे, कारण ते प्रेमापोटी होतं. ‘तुला थंडी वाजतेय ना, माझा विश्वास आहे. आजची पायरी कोणती?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ. फ्रिज त्यालाच उघडू द्यावा, आपण शेजारी उभं राहावं. आजारपणानंतर किंवा ताणाच्या दिवसांत भीती परत डोकं वर काढते. तेव्हा आधीचं सगळं वाया गेलं असं समजायचं नसतं. दोन पायऱ्या खाली उतरून तिथून पुन्हा चढायचं.

चार-सहा आठवड्यांनी अशा वहीतली एखादी नोंद साधारण अशी दिसते. वरची ओळ: ‘खिडकी उघडी, वीस मिनिटं. हुडहुडी भरेल, उद्या ताप येईल.’ खालची ओळ, दुसऱ्या दिवशी लिहिलेली: ‘थंडी वाजली. बोटं गार होती. दहा मिनिटांनी कमी वाजली. ताप नाही. वाचत होतो ते प्रकरण संपलं.’